व्हिक्टोरियन खुर्ची नक्की कोणी बनवली, कसं ओळखायचं?

लीड्सवासी: मंडळी, इथल्या एका चॅरिटी शॉपातून बिनहाताची बुटकी खुर्ची घेतली. पाठीला बटणं, पुढचे पाय खरादी. पितळी चाकांवर 'कोप अँड कॉलिन्सन पेटंट' कोरलंय. विकायची नाही, बनवणारा कोण तेवढं हवंय. बजेट ४० पौंड. फोटो डकवलाय.

निवांत: अहो, नाव समोरच आहे की!

सुतारपक्षी: ते चाकंवाले. त्यांची चाकं अनेक कारखाने लावायचे, त्यावरून खुर्चीवाला ठरत नाही. खुर्ची उलटी करा. हॉवर्ड अँड सन्स मागच्या पायावर नाव-नंबर ठोकत. ठसा 'गिलोज' असेल तर कारखाना लँकेस्टरचा. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसली तर डिझाइनची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. वरच्या गोलात रोमन दोन म्हणजे लाकूड, एक म्हणजे धातू. धातू असेल तर ती नोंद चाकाची, खुर्चीची नव्हे! १८८४ पासून नुसता नंबर. नोंदवह्या लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

बर्मिंगहॅमची मावशी: ४० पौंडांत गादीसुद्धा होत नाही रे. आम्ही जोडीला ६०० मोजले. हिरवं मखमल, येणारा प्रत्येक जण विचारतो.

सदाशिवपेठी: फोटोत सरळसरळ अक्रोड दिसतंय. लाकूड न सांगता धागा काढणाऱ्यांना काय म्हणावं?

सुतारपक्षी: बीचचं लाकूड आहे. गडद रंगवलेलं. स्वस्तातल्या खुर्च्यांना सर्रास असायचं.

सदाशिवपेठी: आमच्याकडे आजोबांची अक्रोडाची आहे. मला शिकवू नका.

भटकी: बुडाचं काळं कापड हलक्या हाताने सोडवा. आत लेबल असतं, कधी कारागिराने पेन्सिलीने नाव लिहिलेलं असतं. माझ्या खुर्चीचं गादीवाल्याने लेबलासकट सगळं कचऱ्यात टाकलं आणि वर बिल दिलं. नाव मिळालंच तर 'ब्रिटिश अँड आयरिश फर्निचर मेकर्स ऑनलाइन'वर शोधा, फुकट आहे.

निवांत: मी तेच म्हणत होतो, चाकावरून काही कळत नाही.

बर्मिंगहॅमची मावशी: लिलाववाल्यांना दाखव. आमच्या ओळखीचे आहेत.

लीड्सवासी: सर्वांचे आभार. उलटी करून पाहिली. ठसा नाही, शंकरपाळं नाही. बुडाचं कापड जुनं आणि धड आहे, ते काही मी सोडवणार नाही. बाजारातून मोहरी रंगाचं कापड आणलंय, २२ पौंड. खोळ शिवतोय.

भटकी: अहो, दोन खिळे काढून डोकावा तरी!

सदाशिवपेठी: अक्रोडावर मोहरी रंग. धन्य.

सुतारपक्षी: बीच.