विजेवरची गाडी : आपापले हिशेब आणि अनुभव सांगा

कऱ्हाकाठ
शेजारच्या इमारतीत परवा हिरव्या पाटीची नवी गाडी आली. पेढे घेऊन आलेले काका "आता पेट्रोलपंपाचे तोंड पाहायला नको" असे म्हणाले आणि मला २०१२ साल आठवले, कारण त्या वर्षी माझ्या वडिलांनी अशाच उत्साहाने डिझेलची गाडी घेतली होती. तेव्हा पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचे अंतर होते, त्यामुळे गाडीसाठी लाखभर रुपये अधिक मोजण्यास घरात कोणाचीच हरकत नव्हती. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, अंतर आटत गेले आणि सारा हिशेब ज्यावर उभा होता तो आधारच निघून गेला.

आता आम्ही विजेवरची गाडी घेण्याचा विचार करीत आहोत. तिच्यावर जीएसटी पाच टक्केच आहे, ही मोठी सवलत आहे; मात्र सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्याने किमतीतली दरी पुन्हा रुंदावली आहे. म्हणून ज्यांनी अशी गाडी वापरली आहे, किंवा विचारपूर्वक नाकारली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकडेमोड
सवलती बदलतात, हे आपले म्हणणे खरे आहे, म्हणूनच आपले स्वतःचे धावणे आधी मोजावे. पेट्रोल शंभरीच्या वर आहे आणि शहरात लिटरला पंधरा किलोमीटर मिळाले तर किलोमीटरमागे सुमारे सात रुपये पडतात. विजेवरची मध्यम गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते, त्यामुळे घरी चार्ज केल्यास हाच खर्च दोन रुपयांच्या आसपास राहतो. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले आणि गाडीसाठी तीन लाख रुपये जास्त दिलेले असले, तर ते वसूल होण्यास साठ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हे साडेतीन वर्षांच्या आत साधते. पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र दहा वर्षे थांबावे लागते, आणि त्या जादा तीन लाखांवरचे व्याज मी यात धरलेलेच नाही.

वारणेची लेक
आकडेमोडदादा, घरच्या विजेचा दर सरसकट एक धरू नये. महावितरणचा घरगुती दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. ज्या घरात महिन्याला अडीचशे युनिटे जळतात, तिथे गाडीची दीडशे युनिटे त्यांच्यावर येऊन बसतात आणि बरीचशी महागड्या टप्प्यात मोजली जातात. आमचे सांगलीला स्वतःचे घर असल्याने आम्ही गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले; पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळते. ऊन चांगले असेल तर दिवसाला बारा-तेरा युनिटे तयार होतात, दिवसा ती महावितरणकडे जमा होतात आणि रात्री गाडीला लागतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हे गणित ढिले पडते, तरी वर्षाचा मेळ बसतो.

तिसरा मजला
ताई, ज्यांना स्वतःची गच्ची आहे ते भाग्यवान! आमच्या सोसायटीत चार्जरसाठी ना-हरकत पत्र मिळवण्यातच एक पावसाळा गेला. आधी आगीची भीती पुढे आली, मग केबल कोणाच्या पार्किंगवरून न्यायची यावर दोन सभा झाल्या, आणि शेवटी मीटरखोलीपासून माझ्या जागेपर्यंतच्या केबलचा सगळा खर्च मी उचलला. एक फायदा मात्र झाला : गाडीसाठी वेगळे मीटर घेतल्याने वारणाताईंनी सांगितलेली टप्प्यांची अडचण आली नाही, कारण त्या जोडणीला वेगळा दर लागतो. माझी कळकळीची विनंती आहे, की गाडीचे पैसे भरण्याआधी सोसायटीचे पत्र हातात घ्यावे.

साखरपेकर
कोल्हापूर–रत्नागिरी हा माझा नेहमीचा रस्ता आहे. आंबा घाट उतरताना पाय पेडलवरून काढला की मोटर उलट वीज भरू लागते आणि साखरप्याला पोहोचेपर्यंत पडद्यावरचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी वर गेलेला दिसतो. परतीच्या चढात मात्र तो डोळ्यांदेखत उतरतो, म्हणून कागदावर तीनशेच्या वर किलोमीटर लिहिलेले असले तरी घाटरस्त्याला मी दोनशेच धरतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी शंभर टक्के भरून खाली उतरू नये. भरलेल्या बॅटरीत वीज शिरायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

वाटेतल्या चार्जरचे म्हणाल, तर एकदा भर पावसात हॉटेलच्या आवारात बायको छत्री धरून उभी होती, कनेक्टर गाडीत बसला होता, पण कंपनीच्या अॅपमध्ये पैसे भरल्याशिवाय यंत्र सुरू होईना आणि फोनला रेंज नव्हती. हॉटेलच्या मालकांनी स्वतःच्या वायफायवरून पैसे भरून दिले तेव्हा आम्ही निघालो.

ज्योती_वाशी
साखरपेकर, वहिनींना नमस्कार सांगा! आम्हीही नेहमी पुण्याला जातो. द्रुतगती मार्गावर मोटारीला एका फेरीला ३२० रुपये टोल आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात तो मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेवरच्या मोटारींना माफी आहे. पण एका नाक्यावर आमच्या फास्टॅगमधून पैसे कापले गेले आणि तक्रार करून ते परत मिळवावे लागले. तेव्हा प्रवास झाल्यावर संदेश नीट वाचावेत.

पेठेतला
विम्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून सांगतो. त्रयस्थ विम्यात पंधरा टक्के सूट आहे, परंतु गाडीची किंमतच जास्त असल्याने एकूण हप्ता पेट्रोलच्या गाडीपेक्षा मोठा येतो. बॅटरीच्या वजनामुळे टायरही लवकर झिजतात. दुसरीकडे इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच हा खर्च मुळातच नाही, त्यामुळे माझे सर्व्हिसिंगचे बिल निम्म्याहून खाली आले आहे.

चांदागड
खर्चाच्या हिशेबात आमच्याकडची हवाही धरावी, अशी विनंती आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे आणि राज्याची बरीचशी वीज कोळशावर होते. आपल्या शहरातला धूर कमी होतो तेव्हा त्यातला काही भाग आमच्या अंगणात उतरतो. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असल्याने एकूण प्रदूषण तरीही कमीच होते, हे मी मान्य करतो आणि पुढची गाडी विजेवरचीच घेणार आहे. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी वारणाताईंसारखे सौर पॅनेल जरूर बसवावे.

दादरकर
मी विचारपूर्वक नाकारली. आमची चाळ जुनी आहे, गाडी रस्त्यावर उभी राहते आणि रात्री चार्ज करण्याची कोणतीच सोय नाही. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त, वर अठरा टक्के जीएसटी. त्यामुळे माझ्यासाठी बचत फार उरत नव्हती. सीएनजीची घेतली.

कऱ्हाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आमचे धावणे महिन्याला हजाराच्या आसपास आहे आणि पार्किंग तळघरात आहे. तिसरा मजलादादा, आपण सोसायटीला दिलेल्या अर्जाचा मसुदा मला पाठवू शकाल का? आमची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे.

तिसरा मजला
आज रात्री पाठवतो. सोबत विद्युत ठेकेदाराकडून मंजूर भाराचा दाखला आणि अर्थिंगचा तपासणी अहवाल जोडा, आमच्या समितीने शेवटी त्यांवरच होकार दिला.