मदत हवी आहे: नॅरोगेजचं जुनं लातूर स्टेशन

नमस्कार मंडळी, परळहून लिहितोय. आजोबा बार्शी लाइट रेल्वेत पॉइंट्समन (गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे) होते. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं, लातूर ते कुर्डुवाडी. कडेला चिमट्याची खाच, तारीख पार पुसलेली.

ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभारलेली ही अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली, १९५४ मध्ये सरकारने घेतली. २००८ पर्यंत ब्रॉडगेज झालं, नवं स्टेशन गावाबाहेर गेलं आणि जुनं बंद पडलं. फलाटाची खूणही राहू नये याचं फार वाईट वाटतं.

कुणाकडे जुन्या इमारतीचे फोटो, टाइमटेबल, कर्मचाऱ्यांच्या नोंदी आहेत का? दादर, माटुंग्यातल्या निवृत्त रेल्वेवाल्यांना जरूर विचारा. आई ऐंशीची आहे, तिला ते स्टेशन फोटोत तरी एकदा दाखवायचंय.