फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण खाली फ्रिज गार होत नाही. खरंच गॅस गेला असेल का?

मंडळी, जरा लवकर सल्ला हवा आहे. आम्ही अकोल्याचे, त्यातून मे महिना, म्हणजे उन्हाचं वेगळं सांगायला नको. फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, ७ वर्षं जुना. वर बर्फ नीट जमतो. खाली मात्र परवा दूध नासलं, कोथिंबीर काळी पडली. थर्मामीटर ठेवून पाहिला तर १७ अंश.

दुधाचं एक वेळ चालेल, पण सासूबाईंचं इन्सुलिन त्यातच असतं. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात. सध्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्यात. फ्रीजरमध्ये ठेवा, असंही एकांनी सुचवलं. कृपया कुणीच असं करू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

दाराच्या रबरात १० ची नोट अडकवून ओढली, घट्ट बसते. व्होल्टेज ठीक आहे. कॉम्प्रेसर मात्र रात्रंदिवस चालू, थांबतच नाही. फ्रीजरच्या मागच्या भिंतीतून मधूनमधून टर्रटर्र आवाज येतो, पंख्याचं पातं कशाला तरी घासल्यासारखा.

मेकॅनिक आला, मागे हात लावून पाहिला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "गॅस गेलाय, २,८०० होतील." आतलं काहीच उघडलं नाही.

माझी शंका अशी. पंधरा दिवसांपूर्वी फ्रिज दीड दिवस बंद करून दारं उघडी ठेवली होती. इतकं पाणी निघालं की मागचा ट्रे भरून फरशीवर आलं. चालू केल्यावर पाच दिवस छान, ४ अंश! सहाव्या दिवसापासून पुन्हा तेच. गॅस नसता तर ते पाच दिवस गार कसा झाला?

प्रतिसाद

ताई, गॅस भरू नका. मी वीस वर्षं हेच काम करतोय. गॅस बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. गळती असती तर वरचा बर्फही धड झाला नसता.

तुमच्या फ्रिजची कॉइल, म्हणजे गार होणारी गुंडाळलेली नळी, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड आहे. पंखा तिथली थंड हवा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारा बर्फ ठरावीक वेळाने हीटर वितळवतो. ते वितळणं बंद पडलंय, म्हणून बर्फाने हवेची वाट बुजली आणि पातं बर्फावर आपटतंय. पॅनेल उघडून हीटर, बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज मीटरने तपासायला सांगा. ते ठीक निघाले तर हीटरची वेळ ठरवणारा टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडला असेल. तोवर सुरीने बर्फ खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर खरोखरच गॅस जाईल. मागच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार! आज दुसरे मेकॅनिक आले. पॅनेल काढलं तर कॉइल दिसेचना, नुसती पांढरी लादी. हीटर तुटलेला निघाला. नवा उद्या बसेल. पण थर्मामीटर आठवडाभर ४-५ दाखवेपर्यंत बाटल्या काकूंकडेच राहतील.