औषध नसताना नारू संपला कसा?

प्रश्न (शिंदखेड्याचा वाचक)
आमच्या गावात सत्तरी ओलांडलेल्या काही जणांच्या पोटरीवर नारूचे व्रण अजून दिसतात. त्वचेतून बाहेर आलेला कृमी काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे, असे ते सांगतात. देवीचा रोग लसीमुळे गेला, हे समजते; परंतु नारूवर लसही नव्हती आणि गोळीही नव्हती, तर मग तो गेला कसा? आणि कृमी एकदम ओढून का काढत नसत?

उत्तर (प्राणिशास्त्राचे शिक्षक, अमळनेर)
आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नारूची मादी शेवईएवढी बारीक, पण मीटरभर लांब होऊ शकते आणि तिच्या शरीरात लाखो अळ्या असतात. ती तुटली तर उरलेला भाग आत आखडतो, अळ्या ऊतींमध्ये सांडतात आणि जखम चिघळते. म्हणून दिवसाला काही सेंटिमीटर, असे कित्येक आठवडे तिला गुंडाळत राहावे लागे. तिला शरीरातच मारणारे खात्रीचे औषध आजही नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कृमीच्या जीवनचक्रात आहे. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे अगदी लहान कवचधारी जीव या अळ्या गिळतात, हे रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियात दाखवून दिले. असे पाणी माणसाने प्यायले की पोटातील आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण अळ्या जिवंत सुटून आतड्याची भिंत भेदतात. पुढे मीलनानंतर नर मरतो आणि मादी सुमारे वर्षभराने बहुधा पायाच्या त्वचेशी येऊन फोड आणते. त्या फोडाची आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी अळ्या सोडते. पायविहिरीत पायऱ्या उतरून, पाण्यात उभे राहून घागर भरली जाई, त्यामुळे हे सारे चक्र एकाच जागी पूर्ण होत असे. रोग्याच्याच वेदनेकडून स्वतःचा प्रसार करून घेणारा असा दुसरा परजीवी मला तरी चटकन आठवत नाही.

उत्तर (निवृत्त आरोग्य सेवक, साक्री)
सरांनी सांगितलेले चक्र कोठेही तोडले तरी पुरते, कारण या कृमीला आपल्याकडे माणसाशिवाय दुसरा आश्रय नव्हता. देशात 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला सुमारे चाळीस हजार रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. पायविहिरींचे रूपांतर कठड्याच्या, रहाटाच्या विहिरींत करणे, हापशी बसवणे, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे, पाणी कापडातून गाळून घेणे आणि नारू बाहेर आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे, अशी कामे होती.

सगळे श्रेय हापशीला देण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. हापशी नादुरुस्त झाली किंवा माणसे दूरच्या शेतात कामाला गेली की जवळ सापडेल ते पाणी प्यायले जाई. तेथे उपयोगी पडे ते दुहेरी घडीचे गाळणे. सायक्लॉप्स साधारण एक मिलिमीटरचा असल्याने तो दाट विणीच्या कापडात अडकतो. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि त्यानंतरच्या देखरेखीअंती जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. एक शंका उरते. आमच्या गावातील तरुण जुन्या पायविहिरीचा गाळ काढून ती पुन्हा वापरात आणू पाहत आहेत. त्यातून नारू परत येईल का?

उत्तर (प्राणिशास्त्राचे शिक्षक, अमळनेर)
नाही. विहिरीत सायक्लॉप्स असतील, पण नारूच्या अळ्या बाधित माणसाकडून किंवा प्राण्याकडूनच पाण्यात येतात आणि आपल्याकडे तसा स्रोत उरलेला नाही. प्राण्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण आफ्रिकेतील चाड देशात अलीकडे कुत्र्यांमध्ये हाच कृमी मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. 1986 मध्ये जगभरात सुमारे 35 लाख रुग्ण होते. 2021 ते 2024 या वर्षांत ते दरवर्षी पंधरा किंवा त्याहून कमी होते, तरीही कुत्र्यांमुळे शेवटचा टप्पा लांबला आहे. विहीर खुशाल साफ करावी; मात्र उघड्या पाण्यातून कावीळ आणि अतिसार पसरतात, तेव्हा ते पाणी शेतीला व गुरांना वापरावे आणि पिण्यासाठी घेतल्यास क्लोरीन टाकून किंवा उकळूनच घ्यावे.