मांसाहार सोडायचाय, कारणं तीन आहेत. ताटात नक्की काय बदलू?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. घरी मालवणी जेवण, आठवड्यातले चार दिवस मासे आणि रविवारी कोंबडी. आता शाकाहारी व्हायचं म्हणतोय. कारणं तीन: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८ आलंय, पोल्ट्रीत कोंबड्या वाढवतात ती पद्धत पटत नाही, आणि हवामानबदलात मांसाचा वाटा मोठा आहे हे वाचनात आलं. वजन ६४ किलो, आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो.

प्रश्न असे: प्रथिनं कुठून आणि किती? बी१२ चं काय करायचं? घरातले बाकीचे मासे खाणारच आहेत, मग एका स्वयंपाकघरात कसं जमवायचं? दूध-अंडी ठेवू की तीही सोडू? ‘मग गवतालाही जीव असतोच की’ छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

तिरफळ

आधी कारणं सुटी करा, कारण तिन्ही कारणं तीन वेगळ्या ताटांकडे नेतात.

एलडीएल हेच मुख्य कारण असेल, तर मासे सोडून काही साधत नाही. बांगडा, तारली यांनी एलडीएल वाढत नाही. वाढतं ते संपृक्त चरबीने: तूप, साय, लोणी, पनीर, खोबरं, पामतेलातलं फरसाण. यातलं एकही मांसाहारी नाही. शंभर ग्रॅम पनीरमध्ये वीस ग्रॅमच्या वर चरबी असते आणि कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात तीन-चार ग्रॅम. रविवारची कोंबडी जाऊन तिथे पनीर बटर मसाला आला, तर पुढचा रिपोर्ट आणखी बिघडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, सलामी, बेकन) पहिल्या गटात, म्हणजे ‘कर्करोगकारक’ म्हणून टाकलं आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात. कोंबडी आणि मासे त्या यादीत नव्हते. तेव्हा तब्येतीच्या नावाखाली सरसकट सगळं एका पोत्यात भरू नका.

कोंबड्यांचं कारण असेल, तर कोंबडीच्याही आधी अंडी सुटायला हवीत. पिंजरा पद्धतीत अंड्याच्या कोंबडीला एका ए-फोर कागदापेक्षा कमी जागा मिळते. त्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी वाढवणं परवडत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जातात. दुधाचंही तसंच आहे. म्हैस दूध देते ती व्यायली म्हणून, आणि नर रेडकू झालं तर त्याला कुणी पोसत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल-वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशींवर नाही. भाकड म्हैस आणि रेडे शेवटी कुठे जातात हे दूधवाल्यांना नीट ठाऊक असतं. ‘मी फक्त दूध पितो’ म्हटल्याने माणूस त्या साखळीबाहेर पडत नाही.

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याचं त्या मानाने सोपं असतं. एकदा माळ घातली की मांस-मच्छी-अंडं बंद, रोज नव्याने हिशोब नाही. तुमची कारणं मोजमापाची आहेत, म्हणून ताटही मोजावं लागेल.

अर्धी_वाटी

प्रथिनांचं बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६४ किलोला ५३. वजनं उचलता म्हणून किलोमागे १.२ धरू, साधारण ७७ ग्रॅम.

घोळ होतो तो वरणाच्या वाटीत. घरात करतात त्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ १५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे प्रथिनं फार तर साडेतीन ग्रॅम. आणि लोक तेच ‘डाळ खातो की’ म्हणून सात-आठ धरतात. शिजलेलं मोजू नका, डाळ-कडधान्य भिजत घालायच्या आधी काट्यावर ठेवा. शंभर ग्रॅम कोरड्यात अंदाजे: तूरडाळ २२, मूग २४, मसूर २४, हरभरा २०, शेंगदाणे २५, सोया वडी ५२. पनीरमध्ये १८, दह्यात जेमतेम साडेतीन.

एका दिवसाचा जमणारा हिशोब: सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी (१४), मधल्या वेळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे (७), दुपारी ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (९) आणि दिवसभरात मिळून चार पोळ्या (१२), रात्री ४० ग्रॅम मटकीची उसळ (९), कोणत्याही एका जेवणात ३० ग्रॅम सोया वडी (१५), वाटीभर दही (५), पेलाभर दूध (८). झाले ७९. दूध-दही काढलं तर ६६ उरतात. मग वडी ४० ग्रॅम करा आणि सकाळी मुगाऐवजी ८० ग्रॅम हरभरा डाळीची धिरडी घाला, गाडी ७३ च्या आसपास येते. उरलेलं टोफूने भरा.

तांदूळ-गव्हात लायसीन कमी, डाळींत मिथिओनीन कमी (प्रथिनांचे हे दोन आवश्यक घटक). दोन्ही मिळून भागतं. एकाच घासात असायला हवीत असं नाही, दिवसभरात आली की पुरे.

सोया वडीबद्दल तक्रार असते ती वासाची. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, पाणी फेका, थंड पाण्यात घालून दोनदा घट्ट पिळा. मग आलं-लसूण, दही, हळद लावून अर्धा तास ठेवा. पिळायचा कंटाळा केला की रस्सा आत शिरत नाही आणि ओल्या पुठ्ठ्याची चव लागते.

आणि गॅस. एकदम रोज दोन उसळी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच, तीही मूग किंवा मसूर. हरभरा, राजमा, वाल तिसऱ्या आठवड्यापासून. दहा-बारा तास भिजवा, ते पाणी टाका. राजमा कच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात, तो खदखदून उकळलाच पाहिजे. स्लो कुकरच्या मंद आचेवर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मरत नाही. प्रेशर कुकरला हा प्रश्न येत नाही.

पांढरा_कोट

बी१२ बद्दल थोडं कडकपणे लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दर तिघांतल्या साधारण दोघांत बी१२ कमी सापडलं. शाकाहारी लोकांत धोका कित्येक पट जास्त होता.

यकृतात साठा असतो, म्हणून मांसाहार सोडल्यावर दोन-चार वर्षं काही जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, मला काही झालं नाही. मग पायांना मुंग्या, जीभ लाल, विसरभोळेपणा. आपल्या जेवणात फोलेट (पालेभाज्या, डाळी) भरपूर असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. केवळ सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नका.

करायचं असं: मांसाहार सोडण्याआधी एकदा बी१२ तपासा, गोळी सुरू करण्याआधी. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग आहार. २०० ते ३०० ही संशयाची जागा. वर असेल तरी पुढे तो साठा टिकवायचा आहे. दिवसाची गरज सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅम. गाईच्या दुधात शंभर मिलीला साधारण ०.४ मिळतं, म्हणजे अर्धा लिटर दूध घेतलं तर काठावर भागतं, तेही आटवून आटवून बासुंदी केली नसेल तर. दूधही सोडणार असाल, तर गोळीला पर्याय नाही: रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० ची. आकड्यांतली तफावत बघून दचकू नका, मोठ्या मात्रेतला अगदी थोडाच भाग अंगी लागतो.

इडली-डोशाच्या पिठाने किंवा स्पिरुलिनाने बी१२ मिळतं हे डोक्यातून काढा. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी रूप. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर शोषण आणखी कमी होतं, ते डॉक्टरांना सांगा.

लोहासाठी एकच गोष्ट पाळा: जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. वरणावर लिंबू पिळायची आपली सवय मात्र बरोबर आहे. मासे सुटले की आयोडीन मिठातूनच यायचं, तेव्हा सगळा स्वयंपाक सैंधवात करू नका. ओमेगा-३ साठी रोज चमचाभर जवसाची चटणी, जवस कुटलेलंच हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. कारळ्याची चटणी चवीला छान, पण तिच्यात ते नाही.

निमूट

तिरफळ यांच्या यादीत हवामानाचं कारण राहिलं. ते सर्वांत गैरसोयीचं आहे.

२०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा मोठा अभ्यास आला. जागतिक सरासरीने, किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य उत्सर्जन पाहिलं तर चीज सुमारे २४ किलो, कोंबडी १०, अंडी पाचच्या आत, वाटाणे १. मटण ४० आणि मांसासाठी पाळलेल्या गुरांचं गोमांस शंभराच्या घरात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन निघतो, मग त्याचं मांस खा नाहीतर दूध प्या. पनीरच्या एका किलोला पाच-सहा लिटर दूध लागतं. म्हणजे कोंबडी सोडून तेवढंच पनीर धरलं तर हवामानाच्या दृष्टीने उलटा प्रवास झाला. आणि किनाऱ्यालगत पकडलेला बांगडा-तारली तर पनीरपेक्षा कितीतरी स्वच्छ. भातशेतीतूनही मिथेन येतो, पण डाळीच्या जागी भात वाढवला नाही तर त्याची फार चिंता नको.

सरासरी जगाची आहे. कडबा आणि पेंडीवर वाढणाऱ्या आपल्या म्हशीचा आकडा वेगळा येईल. ढोबळ क्रम मात्र बहुधा तोच राहील.

तिरफळ

निमूट, मान्य. पण मग ‘कोंबड्या आणि हवामान’ ही दोन कारणं एकमेकांविरुद्ध ओढतात हेही लिहा. उत्सर्जन बघून मटणाऐवजी कोंबडी घेतली, तर एका बोकडाच्या मांसाला दहाएक कोंबड्या मराव्या लागतात. दोन्ही कारणं एकदम सांभाळणारी एकच गोष्ट आहे: डाळी, कडधान्यं, शेंगदाणा, सोया.

वाटणघाटण

स्वयंपाकघराचं कुणी लिहिलंच नाही.

वाटण एकच करा. खोबरं, धणे, मिरची, हळद वाटून झालं की मासे घालायच्या आधी दोन भांड्यांत विभागून घ्या. एकात बांगडा, दुसऱ्यात काळे वाटाणे नाहीतर सुरण. तिरफळं आणि कोकमाची सोलं दोन्हींत. मासे खाणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं ते बहुधा तिरफळ-सोलांच्या वासासाठी, आणि ते शाकाहारी आहेत. तिरफळं ठेचून घाला पण वाटू नका, कडू होतं. बी काढून टाका. सड्यावरचे यांनी एलडीएलसाठी खोबरं अर्धं करावं आणि दाटपणासाठी शिजलेले थोडे वाटाणेच वाटणात टाकावेत.

तळणीचं तेल वेगळं ठेवायचं, हा नियम आधी ठरवा. माशाच्या तेलात पापड तळले की भांडण ठरलेलं. तवा एक असेल तर आधी काप, मग मासे. सुरण, निरफणस, वांगं यांचे अर्ध्या सेंटीमीटरचे काप, मीठ-हळद-तिखट-कोकम आगळ लावून पंधरा मिनिटं, मग रव्यात घोळवून थोड्या तेलावर. सुरण आगळ न लावता केलं तर घशाला खाजतं.

श्रावणात आणि सोमवारी-गुरुवारी शिवराक (बिनमाशाचं जेवण) करायची पद्धत आहेच. काजूगराची उसळ, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, डाळिंब्या, अळवाचं फदफदं ही यादी घरच्या बायकांना पाठ असते. ती सात दिवसांवर पसरायची एवढंच. आणि हो, वेगळा स्वयंपाक एकट्या आईवर टाकू नका, पाटा-वरवंटा तुम्हीही उचला.

बाहेर खाताना: गाडीवरच्या चायनीजला कढई एकच असते, सूपमध्ये स्टॉक कसला ते विचारा. थाई करीच्या पेस्टमध्ये बहुतेकदा कोळंबी असते, वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासा. पाकिटावर चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. अंडं तपकिरीत मोडतं, दूध आणि मध हिरव्यात. परदेशातून आलेल्या गोळ्या-चॉकलेटांवर १२० क्रमांकाचा रंग किड्यांपासून, ९०४ म्हणजे लाखेच्या किड्यांची राळ. अस्सल पार्मेजानो चीजला वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट लागतंच. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, एचपीएमसी लिहिलेलं असेल तर वनस्पतिजन्य.

सड्यावरचा

धन्यवाद सर्वांना. मग असं ठरवू का: कोंबडी, मटण, अंडी आजपासून बंद, पनीर महिन्यातून दोनदा, दूध अर्धा लिटर, आणि मासे आणखी काही महिने आठवड्यातून एकदा, फक्त बांगडा किंवा तारली? म्हणजे शाकाहारी म्हणवून घेता येणार नाही.

पांढरा_कोट

म्हणवून घेण्याचा रक्ततपासणीशी संबंध नाही. बी१२ आणि लिपिड आज करा, तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा. तोवर खोबरं-तूप-फरसाण कमी करून एलडीएल उतरलं नाही तर डॉक्टर गोळीचं बोलतील, तेव्हा ‘मी शाकाहारी झालोय ना’ म्हणून अडून बसू नका. आनुवंशिक कारण असेल तर नुसत्या ताटाने ते उतरत नाही.

अर्धी_वाटी

अंडी बंद केलीत, म्हणजे अंड्यामागे सहा ग्रॅम प्रथिनं गेली. माझ्या हिशोबात ती धरलेली नव्हती, त्यामुळे तो तसाच चालेल. काटा मात्र एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. वाट्या प्रत्येक घरात वेगळ्या असतात.