नाताळच्या ताटासाठी मार्शमेलोच्या वड्या: दुसऱ्या दिवशीही मऊ कशा राहतील?

पेडण्याची माहेरवाशीण · १२ डिसेंबर

नमस्कार. म्हापशात राहून मला एकवीस वर्षं झाली. शेजारी एक कॅथलिक कुटुंब आहे, मधे फक्त जांभ्याची बुटकी भिंत. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या आणि मोदक तिकडे जातात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिकडून ताट येतं: दोदोल, बेबिंक, कुलकुल, चण्याच्या डाळीचा दोस. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं, म्हणून मी त्यात रव्याचे लाडू भरून देते.

गेल्या वर्षी आंटींची दोन नातवंडं टोरांटोहून आली होती. धाकटी आठ वर्षांची. ती भिंतीवर बसून मला सांगत होती की तिच्याकडे नाताळला बटर, मार्शमेलो आणि फुललेल्या तांदळाचं सिरियल एकत्र करून चौकोनी वड्या करतात, ओव्हन लागतच नाही, आणि तोडताना तार निघते. मला वाटलं, एवढं तर आपण करू. केलं. रात्री छान वाटत होतं, सकाळी सुरी आत जाईना. आंटी म्हणाल्या, "जाता गो, चायेंत बुडोवन खातां." मुलीने एक कोपरा चावला आणि वडी हळूच ताटाच्या कडेला ठेवली. काही बोलली नाही. ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

यंदा ती मंडळी २० तारखेला येताहेत. मला त्या वड्या नीट करून द्यायच्या आहेत.

मी काय केलं ते सगळं लिहिते, चूक कुठे झाली ते सांगा. पातळ बुडाची स्टीलची कढई, मध्यम आच. ५० ग्रॅम बटर, २५० ग्रॅम मार्शमेलो. एकही गुठळी राहू नये म्हणून दहा मिनिटं तरी ढवळत राहिले, कडेने किंचित पिवळं दिसायला लागलं तेव्हा उतरवलं. ते सिरियल मला इथे मिळालं नाही, म्हणून शुक्रवारच्या बाजारातले कुरमुरे पिशवीतून थेट घातले. मग वाटीच्या बुडाने दाबून दाबून थापलं, नारळाच्या वड्या थापतो तसं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. कुरमुरेही चिवट लागत होते, ते कशाने?

अजून एक. मार्शमेलोत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून काढतात म्हणून सासूबाई खात नाहीत. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

मडगावची शेगडी · १२ डिसेंबर

ताई, मी घरून नाताळच्या ऑर्डरी घेते, त्यात या वड्या असतातच. तुमचं वाचून माझं पहिलं वर्ष आठवलं. तुमचे जिन्नस बरोबर आहेत. बिघडलं ते आचेवर, थापताना आणि फ्रिजमध्ये.

मार्शमेलो म्हणजे साखरेचा पाक, जिलेटिन आणि हवा. जिलेटिन साधारण ३५ अंशांनाच सैल व्हायला लागतं, म्हणजे तळहाताच्या उबेनेही. त्याला फार आच लागतच नाही. तुम्ही आच देत राहिलात की जिलेटिन कधीच वितळलेलं असतं, पुढे उडतं ते पाकातलं पाणी. गूळ-साखरेचा पाक तुम्हाला माहीत आहे: गोळीबंद होतो तोवर मऊ, त्यापुढे गेला की चिक्की. साखरेचा पाक ११२ ते ११६ अंशांच्या आसपास मऊ गोळी धरतो, आणखी चढला की गोळी टणक होत जाते. तुमच्या कढईच्या कडेला जे पिवळं दिसलं तिथे पाक चिक्कीच्या वाटेला लागला होता.

म्हणून जाड बुडाचं भांडं घ्या आणि आच अगदी मंद, दूध आटवतानाही इतकी मंद ठेवत नाही तेवढी. आधी बटर, ते पातळ झालं की मार्शमेलो. पाच-सहा मिनिटांत बहुतेक विरघळतात. चार-पाच गुठळ्या अजून दिसत असतानाच गॅस बंद करा. उरलेल्या गुठळ्या भांड्याच्या गरमीने जातात. सगळं गुळगुळीत व्हायची वाट बघितली की वड्या गेल्याच समजा.

माझं माप: ३०० ग्रॅम मार्शमेलो, ५० ग्रॅम बटर, २४० मिलिलिटरच्या कपाने सहा कप सिरियल. ३०० मधले ६० ग्रॅम मार्शमेलो मी बाजूला ठेवते, कात्रीने बारीक कापते आणि सिरियल ढवळून झाल्यावर शेवटी घालते. ते अर्धवटच विरघळतात. तोडताना जी तार निघते ना, ती त्यांचीच.

थापायचं म्हणाल तर थापायचंच नाही. डब्याला बटर पेपर लावा, मिश्रण ओता, वरून हाताला बटर चोळून नुसतं पसरवा. ओल्या वाळूवरून हात फिरवतो तसा. दाबलं की मधली हवा जाते आणि वडीची वीट होते. तासाभराने बटर लावलेल्या सुरीने कापा.

आणि फ्रिज नको, अजिबात नको. थंडीत जिलेटिन आवळतं, वडी ताठ होते, बाहेर काढली की वर पाणी सुटतं आणि सिरियल भिजतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन थरांमध्ये बटर पेपर घालून ओट्यावर ठेवा. दोन-तीन दिवस छान राहतात. २४ च्या संध्याकाळसाठी २३ च्या रात्री करा.

आपल्याकडचं बटर खारं असतं, कुरमुरेही खारे, म्हणून वेगळं मीठ घालू नका. थोडं व्हॅनिला मात्र घाला.

डिचोलीकर काका · १२ डिसेंबर

कुरमुऱ्यांचं मी सांगतो. आमचं भुसारी दुकान होतं, वडिलांपासून. कुरमुरे मिठाचे असतात आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. बाजारातून आणलेली पिशवी गोव्याच्या हवेत एक रात्र उघडी राहिली तरी कुरमुरे सादळतात. तुम्ही सादळलेलेच कुरमुरे गरम पाकात घातलेत, मग ते चिवट होणारच.

लोखंडी किंवा जाड कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. रंग बदलायला नको. दोन बोटांत धरून चिरडला की कुर्र आवाज येऊन भुगा झाला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून परता. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना डब्यात भरले तर आपल्याच वाफेने पुन्हा मऊ पडतात. हे काम त्याच दिवशी करा, आदल्या दिवशी नको. संक्रांतीला कुरमुऱ्याचे लाडू करताना आमची आई पाक होईपर्यंत कुरमुरे उन्हातून उचलायची नाही.

वरच्या ताईंनी कपाचं माप दिलंय तेच धरा. कुरमुरे त्या सिरियलपेक्षा वजनाला निम्म्याच्या आसपास हलके. वजनाने घेतलेत तर पातेलं भरून वाहेल आणि मार्शमेलो पुरणार नाही.

नखेत्र · १३ डिसेंबर

मी मिशिगनमध्ये नऊ वर्षं होते, आता पर्वरीला. या वड्या तिथल्याच. १९३९ मध्ये बॅटल क्रीक गावात केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी त्या बसवल्या, मुलींच्या एका संघटनेला विकून निधी जमवता यावा म्हणून. म्हणजे मुळात दुसऱ्याच्या हातात देण्यासाठीच केलेला पदार्थ. तुमच्या ताटात तो अगदी शोभेल, ताई.

एक सुचवते. बटर मंद आचेवर बदामी होऊ द्या, खाली तपकिरी कण दिसले आणि तुपासारखा खमंग वास आला की मगच मार्शमेलो घाला. नुसत्या गोडाला त्याने आधार मिळतो. भाजलेल्या काजूचे तुकडेही घाला. मी एकदा माडाचा गूळ किसून घातला होता, दोदोलसारखी चव येईल म्हणून. चव आली, पण गुळाने पाणी ओढलं आणि दुसऱ्या दिवशी खाली पाझरलं. गूळ नको.

फोंड्याची सुगरण · १३ डिसेंबर

सासूबाईंसाठी पाकिटावरची खूण बघा. हिरवा ठिपका हवा, तपकिरी त्रिकोण असेल तर आत जिलेटिन. शाकाहारी मार्शमेलोत समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन किंवा अगर असतं. पण ते जिलेटिनसारखं वागत नाही, हे आधीच सांगते. उशिरा वितळतं, तार जवळजवळ निघत नाही. चमचाभर पाणी आणि थोडं जास्त बटर घालून, झाकण ठेवून मंद आचेवर धीराने वितळवा. वड्या मऊ होतात, चिकट कमी. वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करा, म्हणजे सासूबाईंना निश्चिंतपणे खाता येतील.

पेडण्याची माहेरवाशीण · १५ डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अर्ध्या मापाने करून पाहिलं. काकांची बोटाची परीक्षा फार उपयोगी पडली, पहिल्यांदा कुरमुरा चपटा झाला, तिसऱ्या मिनिटानंतर कुर्र वाजला. बटर बदामी केलं. गुठळ्या दिसत असताना गॅस बंद करायला हात होत नव्हता, पण केला. आज सकाळी बारा तासांनी वडी दोन बोटांनी तुटली.

एक अडचण आली. बदामी बटर गरमच होतं, त्यात मार्शमेलो टाकले ते तळाशी लगेच रंगले. मधे थांबायचं का?

मडगावची शेगडी · १५ डिसेंबर

हो, थांबायचं. बटर बदामी झालं की भांडं खाली उतरवून ओल्या फडक्यावर दोन मिनिटं ठेवा, मग मार्शमेलो घालून परत अगदी मंद आचेवर. नखेत्रताईंनी बदामी बटर सुचवलं तेव्हाच लिहायला हवं होतं मी.

पेडण्याची माहेरवाशीण · २६ डिसेंबर

२३ च्या रात्री केल्या. मोठं पातेलं जिलेटिनचं, छोटं सासूबाईंचं. सासूबाईंच्या वड्यांना तार नाही निघाली, पण त्यांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी पदराआड उचलून देवघराशेजारच्या डब्यात ठेवली.

२४ ला आंटींचं ताट आलं तसं मी त्यातच बटर पेपर घालून वड्या रचल्या, वर लाल-हिरव्या साखरेच्या गोळ्या, आणि स्वतः घेऊन गेले. त्यांच्या पडवीत येशूजन्माचा गोठा मांडायचं काम चाललं होतं, गवत सगळीकडे. धाकटी आता नऊ वर्षांची. तिने एक वडी घेतली, अर्धी केली, आणि दोन्ही हात लांब करत गेली. तार थेट तिच्या कोपरापर्यंत आली. मग तिने ती तार बोटाला गुंडाळून खाल्ली आणि दुसरी घेतली.

आंटींना कृती हवी आहे, आज माप लिहून देणार आहे. पुढच्या वर्षी करणाऱ्यांसाठी एक: जिथे बटर पेपर कमी पडला तिथल्या चार वड्या २५ च्या दुपारच्या उकाड्यात एकमेकींना घट्ट चिकटल्या. पेपर वडीपेक्षा बोटभर मोठा कापा.