रेल्वेने स्वित्झर्लंड: तुमचे किस्से टाका

घरकोंबडी:
काल दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते, भिंतीवर पांढरं गोल घड्याळ, जाड काळे काटे, सेकंदकाट्याच्या टोकाला लाल गोळा. एकदम स्पीट्स स्टेशन आठवलं. गाडीला वेळ होता, खाली थुनचं तळं आणि किल्ला, आणि आमची आई मान वर करून घड्याळाकडे बघतेय. "अगं, हा काटा बारावर आला की थांबतो." म्हटलं बिघडलं असेल. तर खरंच थांबतो! साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी संपवतो आणि वर दीड सेकंद गप्प उभा राहतो, मुख्य घड्याळाचा इशारा आला की मिनिटकाटा टक्कन पुढे आणि हा परत चालू. आठ दिवस जिथे उतरू तिथे आईने आधी घड्याळ बघितलं, आल्प्स नंतर. दवाखान्यातलं थांबत नव्हतं, नकली.

तर रेल्वेने फिरताना काय काय सापडलं ते लिहा.

साखरझोप:
आम्ही चुकीच्या डब्यात बसलो. म्हणजे मी बरोबर, नवरा चुकीच्या (तो उलट सांगतो). इंटरलाकन ओस्टहून निघालेली गाडी त्स्वाइल्युचिनेनला मधोमध तुटते, अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला, अर्धे लाउटरब्रुनेनला. डब्यावर लिहिलेलं असतं पण वाचतंय कोण, हा धाकट्याला घेऊन खिडकीसाठी पुढे पळाला. मी लाउटरब्रुनेनला, सगळ्यांची जॅकेटं माझ्याकडे. पण त्यामुळे श्टाउबबाख धबधबा निवांत बघितला, जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो पण खाली धार येतच नाही, वाऱ्याने मधेच धूर होतो नुसता. प्लॅनमध्ये नव्हताच.

दहीपोहे:
😂😂 जॅकेटं!

आबा७:
आम्ही १०.३० ला म्हणजे १०.३० ला. पुढचं नंतर लिहितो, नातीची बस आली.

खिडकीपाशी:
माझं मत ऐका, पॅनोरमावाल्या (मोठ्ठ्या काचांच्या) गाड्यांच्या मागे लागू नका. स्विस ट्रॅव्हल पास (देशभर फिरायचं एकच तिकीट) असला तरी ग्लेशियर एक्सप्रेसला सीटचे वेगळे फ्रँक मोजावे लागतात, आठ तास बंद काचेआड, फोटोत आपलंच टक्कल. बेर्निना घाटात पॅनोरमावाल्या बेर्निना एक्सप्रेसच्याच रुळांवरून साधी गाडी जाते, आरक्षण नाही, जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली ओढता येतात (सगळ्या नाही, फलाटावरच बघून चढा). ओस्पिझिओ बेर्निनाला, २२५३ मीटरवर, रुळांशेजारी दोन तळी, एक काळपट, एक दुधासारखं. मध्ये फार अंतर नाही, पण एकाचं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात आणि दुसऱ्याचं पो नदीतून एड्रिआटिकमध्ये. मी तिथे उतरलोच, पुढची गाडी तासाभराने होती, कान गारठले. मग खाली ब्रुझिओला गाडी दगडी पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते, डोकं बाहेर काढलं की आपलंच इंजिन समोरून वळताना दिसतं.

घरकोंबडी:
टक्कल 😄 पण आईच्या गुडघ्यांना ती आठ तासांची गादीची खुर्चीच बरी वाटली हो. ज्याचं त्याचं.

दहीपोहे:
गुडघ्यांवरून आठवलं, आईंचं ऑपरेशन झालं का?

घरकोंबडी:
पुढच्या महिन्यात. तुला वेगळा निरोप टाकते.

चकलीभाजणी:
आम्ही पहिल्या वर्गाचा पास काढला होता, हौस. सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावला स्पीकरवर, अख्ख्या खानदानाला तळं दाखवताहेत. समोरच्या आजी काही बोलल्या नाहीत, फक्त काचेवरच्या स्टिकरकडे बोट केलं, ओठांवर बोट ठेवलेलं चित्र. शांतता डबा होता तो! सासूबाई पुढचे दोन तास इतक्या शांत की सासरे म्हणाले रोज याच डब्याने जाऊ.

पेंगुळलेला:
युंगफ्राऊयोखला (बोगद्यातून चढणाऱ्या डोंगरी रेल्वेचं शेवटचं, बर्फातलं स्टेशन) धुकं. नुसतं पांढरं. पासवर फुकटही नाही ते, सवलत फक्त. वर जाताना बोगद्यात आइसमेअरला गाडी पाच मिनिटं थांबते, डोंगर पोखरून केलेल्या खिडकीतून हिमनदी दिसते म्हणे, आम्हाला तिथेही पांढरं. मग ज्याने हे डोक्यात घेतलं त्या गुयर-झेलरबद्दल वाचत बसलो, काम सुरू झालं १८९६ ला, माणूस गेला १८९९ ला, गाडी वर पोचली १९१२ ला. त्याने तर ते पांढरंही बघितलं नाही. निघण्याआधी वरचा वेबकॅम बघायचा असतो हे दुसऱ्या दिवशी कळलं. रिगी डोंगरावर जा, पासमध्ये येतं, १८७१ पासून दाते असलेल्या रुळांवरून गाडी चढतेय.

नवीनच:
मे मध्ये जातोय, ६ आणि ९ वर्षांची मुलं. गाडीत कंटाळतील का?

चकलीभाजणी:
फॅमिली कार्ड मागून घ्या, पासवर आईबापांबरोबर १६ च्या आतल्यांना तिकीट लागत नाही. आणि काही डबल डेकर गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांसाठी चक्क घसरगुंडी असते. तुम्हीच कंटाळाल.

घरकोंबडी:
आईला सगळं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न, साखरझोप, जॅकेटं शेवटी पोचली का?

साखरझोप:
काकूंना सांग, नाही 😄 ते दोघं ग्रिंडेलवाल्डला कुडकुडत चॉकलेट पीत बसले. परतीला मी इकडून, तो तिकडून निघाला, "कुठेयस", "गाडीत, तू?", "मीपण गाडीत". इंटरलाकनला उतरले तर पुढच्या डब्यातून हाच उतरतोय. येताना ते दोन तुकडे त्स्वाइल्युचिनेनला परत जोडतात. दहाएक मिनिटं एकाच गाडीत बसून भांडत होतो फोनवर.